सॅचेल पेज : पोस्टकार्डावरील एक ओळ

चरित्राची साधने म्हटली की पत्रे, रोजनिशी, आठवणी आपल्या डोळ्यांसमोर येतात. एखादे छापील पोस्टकार्डही असेच साधन ठरू शकते. अमेरिकेतील कूपर्सटाउन येथे बेसबॉलचे गौरवदालन आहे. तेथे मानकरी खेळाडूंचे कांस्यफलक भिंतीवर लावलेले असतात. या फलकांच्या चित्रांची पोस्टकार्डे संग्राहक जपून ठेवतात. लेरॉय रॉबर्ट ऊर्फ सॅचेल पेज यांचे कार्ड त्यांपैकीच एक होय.

पेज यांचा जन्म १९०६ मध्ये अलाबामा राज्यातील मोबिल या शहरात, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ‘सॅचेल’ म्हणजे खांद्याला अडकवायची पिशवी. लहानपणी रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहिल्यामुळे आपल्याला हे नाव पडले, असे ते सांगत. बाराव्या वर्षी त्यांची रवानगी सुधारगृहात झाली आणि तेथेच त्यांची चेंडूफेक घडली.

आता कार्डावरील वर्षांकडे पाहा. १९२६ ते १९४७ या कालखंडापुढे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघटनांचा उल्लेख आहे. ही ओळ लहान असली, तरी तिच्यात पेज यांचे सारे तारुण्य सामावले आहे. उत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, अशी ख्याती असूनही केवळ वर्णामुळे प्रमुख स्पर्धांची दारे त्यांना बंद होती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्यामुळे ती उघडली. पुढच्याच वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पेज क्लीव्हलँड संघातून खेळले आणि त्या संघाने विजेतेपद मिळवले. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षीही, कॅन्सस सिटीकडून त्यांनी तीन डाव एकही धाव न देता टाकले.

१९७१ मध्ये त्यांची गौरवदालनासाठी निवड झाली, तेव्हा कृष्णवर्णीय संघटनांतील खेळाडूंसाठी वेगळा विभाग ठेवण्याचा विचार होता. म्हणजे सन्मान देतानाही पंगत वेगळीच! त्यावर लोकांनी टीका केली, निर्णय बदलला आणि पेज यांचा फलक इतरांच्या फलकांबरोबर लागला. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे कार्ड इतर मानकऱ्यांच्या कार्डांसारखेच दिसते, आणि त्या सारखेपणातच त्याचे मोल आहे. चरित्र वाचताना तुम्हीही लक्षात ठेवा : नोंद जेथे सर्वांत त्रोटक असते, तेथे थांबून अधिक शोध घ्यावा लागतो.