पऱ्हाट्यांपासून खत करणारा इंग्रज साहेब: जगाच्या सेंद्रिय शेतीचं मूळ इंदूरच्या खड्ड्यात कसं सापडतं?

हिमायतनगर, हदगाव, किनवट. नांदेड जिल्ह्याच्या या पट्ट्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की रानात उरतात त्या पऱ्हाट्या. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या बांधावर रचून पेटवल्या जातात. लवकर कुजत नाहीत, नांगराला अडतात, मग ठेवून करायचं काय?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंदूरमध्ये एका इंग्रज शास्त्रज्ञाला पडला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता त्याने जे उभं केलं, त्यावर पुढे जगभरातली सेंद्रिय शेती उभी राहिली. त्याचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरचा. घर शेतकऱ्याचं. केंब्रिजमध्ये शिकले, वेस्ट इंडिजमध्ये पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास केला. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, पण तो सल्ला स्वतः पाळून बघायला आपल्याकडे वावरच नाही.

१९०५ मध्ये ते सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा इथे आले. त्याच वर्षी त्यांचं गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी लग्न झालं. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून पुसा ४, पुसा १२ असे गव्हाचे वाण दिले आणि ते शेतकऱ्यांनी उचलले.

पण हॉवर्ड यांचं लक्ष आजूबाजूच्या शेतांकडे होतं. विकतचं खत नाही, औषधाची फवारणी नाही, तरी पिकं बऱ्यापैकी निरोगी. मग त्यांनी गावच्या शेतकऱ्यालाच गुरू मानलं, आणि किडीलाही. कीड आली म्हणजे जमिनीत किंवा लागवडीत काहीतरी चुकलंय, असा त्याचा अर्थ ते लावायला लागले.

पुशात अडचण वेगळीच होती. कीड एका विभागाकडे, माती दुसऱ्याकडे, वाण तिसऱ्याकडे. अख्खं शेत कुणाच्याच ताब्यात नाही. म्हणून १९२४ मध्ये त्यांनी होळकरांच्या इंदुरात नवी संस्था उभी केली, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. जमीन जवळपास ३०० एकर, पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. काम मुख्यतः कापसावर, आणि जमीन आपल्यासारखीच काळी.

इथे तो पऱ्हाट्यांचा प्रश्न पुढे आला. शेण तर निम्मं गोवऱ्यांत जायचं, मग खत आणायचं कुठून?

हॉवर्ड यांनी पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरायला सांगितल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा झाला. तो गोठ्यात बैलांच्या पायाखाली अंथरला, म्हणजे मूत त्यात मुरलं. गोठ्यातली मूत मुरलेली माती खरवडून घेतली. मग खड्ड्यात थर लावले: काडीकचरा, थोडं शेण, ती माती, चुलीतली राख आणि पाणी. तीनदा खालीवर केलं की ९० दिवसांत काळंभोर, वास नसलेलं खत तयार.

हीच ती इंदूर पद्धत. कचऱ्याचं खत करण्यात चिनी शेतकरी शतकानुशतके तरबेज होते, ते हॉवर्ड यांनी वाचलं होतं. इंदुरात त्याला मोजमापाची जोड मिळाली. रसायन विभागातले त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत हॉवर्ड यांनी १९३१ मध्ये या पद्धतीवर पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठावर दोघांचं नाव आलं.

ते पुस्तक बघायला गॅब्रिएल मात्र नव्हत्या. १९३० मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९३५ मध्ये गांधीजींनी इंदूरची संस्था पाहिली आणि हरिजनमधून या खताचा प्रचार केला.

१९४० मध्ये हॉवर्ड यांचं ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट आलं. रासायनिक खतांवर त्यांनी थेट हल्ला केला, त्यामुळे बरेच शास्त्रज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. पण अमेरिकेत रोडेल आणि इंग्लंडमध्ये ईव्ह बाल्फोर यांनी विचार उचलला. १९४६ मध्ये तिकडे सॉइल असोसिएशन स्थापन झाली. हॉवर्ड स्वतः तिच्यात सामील झाले नाहीत. २० ऑक्टोबर १९४७ ला ते गेले.

त्यांच्या मागे आले ते नियम. १९६७ मध्ये सॉइल असोसिएशनने सेंद्रिय शेतीची मानकं लिहून काढली. भारतात २००१ मध्ये एनपीओपी हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

त्याचा आजच्या शेतकऱ्याला अर्थ असा. हंगामी पिकाला सेंद्रिय म्हणून विकायचं तर पेरणीआधी साधारण दोन वर्षं रूपांतराची काढावी लागतात. नोंदी ठेवाव्या लागतात, तपासणी होते. बीटी बियाणं चालत नाही, म्हणजे कापूसवाल्याची पहिली पंचाईत बियाण्यापासूनच. निर्यातीसाठी एनपीओपीचं प्रमाणपत्र लागतं. देशातल्या बाजारासाठी पीजीएस-इंडिया हा स्वस्त मार्ग आहे, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात.

मदतही आहे. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये धरलेत, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याला. राज्याचं डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन २०१८ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुरू झालं आणि २०२३ मध्ये राज्यभर नेण्याचा निर्णय झाला.

आता हिशोब करा. तीन वर्षांत १५,००० म्हणजे एकरी वर्षाला जेमतेम २,००० रुपये. सेंद्रिय म्हणून बाटलीतली औषधं आणि पोत्यातली खतं विकत घेतली तर हा पैसा एका हंगामात उडतो. रूपांतराच्या वर्षांत सेंद्रियचा भावही मिळत नाही. बरेच जण सोडून देतात ते इथेच.

प्रमाणपत्र सांगतं की शेतात काय टाकायचं नाही. हॉवर्ड यांचं आयुष्य मात्र शेतात काय टाकायचं हे शोधण्यात गेलं, आणि त्यांना जे सापडलं ते विकत आणावं लागत नाही. हिमायतनगरच्या बांधावर ते दरवर्षी पेटवलं जातं.