पांझरेच्या पात्रातील कसोटी

भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घेतले की कृष्णराजसागर धरण आणि म्हैसूरचे दिवाणपद डोळ्यांसमोर येते. आपल्या समाजाचे भूषण शेठ वालचंद हिराचंद यांच्यासमवेत, भारतात मोटारीचा कारखाना उभा राहावा म्हणून त्यांनी केलेली खटपटही ज्येष्ठांना ठाऊक असेल. परंतु नोकरीतील त्यांची पहिली खरी कसोटी आपल्या खानदेशात लागली, हे फारसे सांगितले जात नाही.

मुद्देनहळ्ळीच्या या मुलाचे पितृछत्र लवकर हरपले. बंगळुरास शिकवण्या करीत त्यांनी १८८१ साली बी.ए. केले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये येणे शक्य झाले. (आपल्या ट्रस्टकडे येणारे शिष्यवृत्तीचे अर्ज पाहताना मला याची हटकून आठवण होते.) १८८३ च्या स्थापत्य परीक्षेत ते मुंबई इलाख्यात प्रथम आले आणि १८८४ मध्ये सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनीअर म्हणून रुजू झाले. प्रथम नाशिक, नंतर धुळे.

साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरा नदीच्या तळाखालून नळ टाकून पाटाचे पाणी पैलतीरी न्यायचे होते. एका काठाला पाणी नळात उतरते आणि आपल्याच दाबाने दुसऱ्या काठाला वर चढते, अशी ही सायफनची रचना. कागदावर सोपी, पण पावसाळा सुरू झाला आणि पुरांमुळे कामात वारंवार खंड पडू लागला. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे या बावीस-तेवीस वर्षांच्या इंजिनीअरने वरिष्ठांना कळविले. सल्ला गैर नव्हता, असे माझे मत आहे. वरिष्ठांना मात्र तो रुचला नाही. काम टाळल्यास त्यांच्याविषयीचे मत प्रतिकूल होईल, अशी समज मिळाली.

प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या तरुणाला हे किती झोंबले असेल! पदवीचा दाखला नदीला दाखवून चालत नाही, आणि साहेबालाही. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही, राजीनामाही दिला नाही. त्याच पावसाळ्यात, पूर ओसरेल तेवढा अवधी साधून त्यांनी काम पुढे रेटले आणि सुमारे दोन महिन्यांत पुरे केले. नाराज झालेल्या वरिष्ठांनीच मग त्यांची प्रशंसा केली.

मुंबई सरकारच्या सेवेत ते १९०८ पर्यंत राहिले. सक्करचा पाणीपुरवठा, खडकवासल्याची पुराबरोबर आपोआप उघडणारी दारे ही त्याच सेवाकाळातील कामे होत.