पंडिता रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दिंद्रुडसारख्या गावी मृग कोरडा गेला आणि पुढच्या नक्षत्रांनीही पाठ फिरवली, म्हणजे विहिरींचा तळ दिसू लागतो, दावणीच्या गुरांच्या फासळ्या मोजता येतात आणि घरातील कर्त्या माणसाची झोप उडते. १९७२ सालच्या दुष्काळात आपण खडी कशी फोडली, हे वडीलधारी मंडळी नातवंडांना सांगत आली आहेत. परंतु त्या दुष्काळात खडी फोडण्याचे का होईना, काम होते. दुःखात शेजारीही होता. ज्याला कामही नाही आणि शेजारही नाही, अशा माणसावर दुष्काळ आला तर त्याचे काय होते? पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा आरंभ या प्रश्नापासून करावा लागतो. आणि त्यांनी पुढे जे कार्य उभारले, ते या प्रश्नाचे उत्तरच होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळ या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, असा त्या काळचा दंडक होता. अनंतशास्त्र्यांनी तो मानला नाही. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल होणारा विरोध सोसून ते अरण्यात जाऊन राहिले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुन्हा कधी एका जागी स्थिरावले नाही. तीर्थक्षेत्री पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. या भ्रमंतीत आईने आपल्या या धाकट्या मुलीला पाठ दिले. वयात येईपर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले होते.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणी येईना आणि दक्षिणाही मिळेना. जवळची भांडीकुंडी आणि वस्त्रे विकून झाली. शास्त्राध्ययनात वाढलेल्या या कुटुंबाला अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्यास जीभ रेटत नव्हती. अखेरीस झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले. त्यांच्यामागून काही आठवड्यांतच आई अंथरुणाला खिळली. आईसाठी भाकरीचा तुकडा मागावा म्हणून रमाबाई एका शेजारणीच्या दारी गेल्या. परंतु त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारणीने ओळखले आणि बाजरीची भाकर हातावर ठेवली. ती भाकर आईच्या मुखी लागण्यापूर्वीच तिची शक्ती संपली होती.

आई गेली तेव्हा तिला न्यावयास चार माणसे मिळेनात. परगावच्या अनोळखी कुटुंबाच्या प्रेताला हात कोणी लावावा? मोठ्या प्रयासाने दोघेजण आले. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याचा, आणि चौथा रमाबाईंचा. त्या उंचीने लहान असल्यामुळे तिरडीची बाजू त्यांना खांद्यावर घेता येईना; ती त्यांनी डोक्यावर धरली आणि तशीच तीन मैलांवरील स्मशानापर्यंत नेली. संकटकाळी माणसाला अन्न लागते, तसेच माणूसही लागते, हा धडा त्या कोवळ्या वयात त्यांना मिळाला. थोड्याच काळात थोरली बहीणही पटकीने गेली.

आता बहीणभाऊ दोघेच उरले. त्यांनी उत्तर हिंदुस्थानची वाट धरली. पुरेसे पांघरूण नसल्यामुळे पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि त्यांत अंग झाकून घेतले. हजारो मैलांची पायपीट करून १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. एका तरुण मुलीचे संस्कृत ज्ञान पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण सोबत टिकली नाही. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने दगावला. वयाची चोविशी पुरी होण्याआधीच आई, वडील, बहीण, भाऊ व पती असे सारे आप्त रमाबाईंनी गमावले होते.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगासमोर साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री वैद्य असावेत, असे आग्रहाने प्रतिपादिले. आपण स्वतः वैद्यकी शिकावी, या हेतूने १८८३ साली त्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींचा एक मठ होता. त्यांच्यापैकी काहींशी त्यांचा पुण्यातच परिचय झाला होता. तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीचाही अंत झाला. परक्या देशात पुन्हा एकदा त्यांच्यापुढे मरण उभे राहिले. परंतु या वेळी त्या एकाकी नव्हत्या. भगिनींनी त्यांना आणि मनोरमेला घरच्यासारखे सांभाळले.

तथापि केवळ सांभाळ केला म्हणून धर्म बदलावा, अशा वृत्तीच्या त्या नव्हत्या. त्यांचे मन वळले ते निराळ्या कारणाने. लंडननजीक फुलहॅम येथे भगिनींचे एक सेवागृह होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. त्यांपैकी काही स्त्रिया स्वतः सावरल्यानंतर आपल्यासारख्याच इतर स्त्रियांची शुश्रूषा करीत, हे रमाबाईंनी पाहिले. या दयेचे मूळ कोठे आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचे पाणी पीत नसत. त्यातून ही स्त्री भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली. येशू ख्रिस्ताने तिच्याजवळ पाणी मागितले आणि तिच्याशी आदराने संभाषण केले. ज्याला कोणी नाही त्याला जवळ करणारा देव रमाबाईंना या कथेत भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल त्यांना द्यावे लागले. महाराष्ट्रात त्यांचे जे चाहते होते, त्यांतील अनेक दुखावले. दुसरीकडे, ख्रिस्ती झाल्यावरही आपली बुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. धर्मगुरूंनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या तपासून पाहत. न पटणाऱ्या गोष्टी मान्य करण्यास त्या नकार देत आणि त्यामुळे त्यांच्यात व भगिनींत तीव्र मतभेदही झाले. आधार घ्यावा, पण आधार देणाऱ्याचे दास होऊ नये, असा त्यांचा बाणा होता.

ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत त्यांना सोडावा लागला. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदनाची स्थापना झाली; पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. गोदूबाई ही सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. याच गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्धी पावल्या. सदनात शिकून त्या स्वधर्मातच राहिल्या आणि स्त्रीशिक्षणाच्या कार्यात पतीला साथ देत्या झाल्या.

सदनात कोणाच्याही धर्मात हस्तक्षेप केला जाणार नाही, असे आश्वासन होते. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत त्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. १८९३ साली यावरून मोठे वादळ उठले. पालकांना आपल्या मुलींविषयी चिंता वाटली, हे स्वाभाविक होते. आणि आपली प्रार्थना दार लावून करण्याची रमाबाईंची तयारी नव्हती. रानडे, भांडारकर इत्यादी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मात्र उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवले.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. झाडपाल्यावर काढलेले दिवस रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळग्रस्तांच्या छावण्यांत अन्नाविना सुकलेली बालके आणि नीच लोकांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या अनाथ मुली त्यांनी पाहिल्या. त्यांनी तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. अमेरिकेतील मंडळाचे साहाय्य शारदासदनापुरते होते. या नव्या मुलींच्या पोषणाची तरतूद कोठेही नव्हती. देव पुरवील, या विश्वासावर त्यांनी हा भार उचलला. अशातच पुण्यात प्लेग उद्भवला आणि इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे शेतीसाठी सुमारे १०० एकर जमीन घेतलेली होती. तेथे तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या आणि १८९८ साली मुक्तिसदन या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली.

मुक्तिसदनाची खरी थोरवी त्याच्या इमारतींत नव्हती. आलेल्या मुली रोगग्रस्त, भेदरलेल्या आणि माणसांवरचा विश्वास उडालेल्या होत्या. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, रात्री उशाशी बसणे ही कामे शारदासदनातील शिकलेल्या विधवांनी अंगावर घेतली. ज्यांना घरच्यांनी अपशकुनी म्हटले होते, त्याच स्त्रिया दुसऱ्यांच्या आया आणि शिक्षिका झाल्या. दिवसाचा काही भाग शाळेत, काही भाग कामात आणि काही प्रार्थनेत जाई. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी नाना कामे मुली शिकल्या. हाताला काम नसल्यामुळे आपल्या घरावर कोणता प्रसंग ओढवला, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून एकीलाही त्यांनी निरुद्योगी राहू दिले नाही. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले आणि अंध मुलींसाठी ठिपक्यांच्या लिपीची शाळा सुरू झाली. मनोरमेने ती लिपी अमेरिकेत शिकून घेतली होती. १९०० सालच्या दुष्काळात गुजरात वगैरे प्रांतांतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक मोठे काम हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. ज्यांना पूर्वी अक्षरओळखही नव्हती, अशा केडगावच्या मुलींनी त्याचे खिळे जुळविले आणि छपाई केली. मनोरमेने, बीडप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्गा येथे, शाळेचे काम सुरू केले. आईच्या मागे तीच कार्य चालविणार, असे सर्वांना वाटत होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाही गेली.

या शेवटच्या आघाताच्या वेळी रमाबाईंचे वय ६३ वर्षांचे होते आणि प्रकृती खालावलेली होती. तरीही त्यांचे काम थांबले नाही, कारण रक्ताचे नाते संपले तरी केडगावात शेकडो लेकी त्यांच्याभोवती होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबलचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे.

रमाबाईंवर कोसळलेली संकटे त्यांच्या श्रद्धेमुळे टळली नाहीत. श्रद्धा लाभल्यानंतरही लोकनिंदा आली, प्लेग आला, एकुलती एक मुलगी गेली. श्रद्धेने त्यांना दुःख सोसण्याचे बळ दिले आणि त्या दुःखाचा उपयोग दुसऱ्यासाठी करण्याची बुद्धी दिली. आपल्याला मिळालेला आधार त्यांनी स्वतःपाशी ठेवला नाही. तो पुढच्या हाती दिला आणि ज्यांच्या हाती दिला त्यांनाही तो पुढे देण्यास शिकविले. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळाला नाही, ही खंत त्यांनी कोणाविषयीच्या कडवटपणात जिरविली नाही. ज्यांना जगात कोणी नाही, अशांसाठी त्या स्वतः तो चौथा खांदा झाल्या.