स्वयंशिक्षित शिल्पकार : पिलू पोचखानवाला

शिल्पकला ही गुरूच्या हाताखाली शिकण्याची विद्या मानली जाते. मूर्तिकारांच्या घराण्यांत ती वडिलांकडून मुलाकडे येते. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेमुळे ती वर्गात बसूनही शिकता येऊ लागली. गणपतराव म्हात्रे आणि वि. पां. करमरकर हे महाराष्ट्राचे नामवंत शिल्पकार याच शाळेतून घडले. पिलू पोचखानवाला यांना मात्र मूर्तिकाराच्या घराण्याचा वारसा नव्हता आणि कलाशाळेची पदवीही नव्हती. तरीही आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले.

पिलू यांचा जन्म १९२३ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. १९४५ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि जाहिरातीच्या क्षेत्रात काम सुरू केले. थोड्या जागेत नेमका आशय मांडणे आणि अनावश्यक ते गाळणे ही त्या व्यवसायाची गरज असते. पुढे त्यांच्या शिल्पांतही हाच काटेकोरपणा दिसून येतो.

१९५१ साली त्या युरोपच्या प्रवासाला गेल्या आणि त्यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. तेथे त्यांना आधुनिक शिल्पे प्रत्यक्ष पाहता आली. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने मानवी देहाला डोंगर-दऱ्यांसारखे रूप दिले होते. त्याच्या शिल्पांत दगडाइतकेच महत्त्व दगडातील पोकळीला होते. भारतात त्या काळी शिल्प म्हणजे देवाची मूर्ती किंवा थोर पुरुषाचा हुबेहूब पुतळा, अशीच सर्वसामान्य समजूत होती. आकार हा स्वतःच अर्थपूर्ण असू शकतो, हे या प्रवासात त्यांना उमगले. मुंबईला परतल्यावर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या शिल्पकलेकडे वळल्या.

हा निर्णय धाडसाचा होता. चित्रकाराला कागद आणि रंग घेऊन घराच्या एका कोपऱ्यातही सुरुवात करता येते. शिल्पकाराला मातीचा भार पेलणारा सांगाडा उभारावा लागतो, प्लॅस्टरचा साचा काढावा लागतो, धातूचे ओतकाम समजून घ्यावे लागते. एक चूक झाली, तर कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात. शिवाय हे अंगमेहनतीचे काम स्त्रीचे नव्हे, असा समज रूढ होता. अशा वेळी ना. ग. पानसरे या अनुभवी शिल्पकारांचे मार्गदर्शन पिलू यांना लाभले. मुंबईच्या शिवाजी पार्कवरील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे ते हेच पानसरे. व्यवसायाने औषधनिर्मितीच्या क्षेत्रात असलेले आदी दावियरवाला हेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली शिल्पकार झाले. पानसरे यांनी पिलू यांना तंत्राची ओळख करून दिली. स्वतःची शैली मात्र त्यांना स्वतःच शोधावी लागली.

या शोधात निरनिराळे पदार्थच त्यांचे शिक्षक झाले. प्रारंभीच्या शिल्पांत मानवाकृती, विशेषतः स्त्रीदेह, हा त्यांचा विषय होता आणि त्यावर मूर यांची छाया होती. लाकूड, दगड, शिसे, सिमेंट, ॲल्युमिनियम अशी माध्यमे त्यांनी हाताळली. प्रत्येक माध्यमाचा स्वभाव वेगळा असतो. लाकडाला रेषा असतात आणि त्या रेषांचा मान राखूनच छिन्नी चालवावी लागते. दगडातून एकदा निघालेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर ॲल्युमिनियमला ६६० अंशांची उष्णता लागते. अशा गोष्टी पुस्तकात वाचता येतात. पण कोणत्या पदार्थात कोणता आकार शोभेल, हे हाताने काम केल्यावाचून कळत नाही. पिलू एका माध्यमात स्थिरावल्या नाहीत. एकाचा अभ्यास झाला की त्या दुसऱ्याकडे वळत.

पुढे धातूच्या भंगाराने त्यांना वेगळीच वाट दाखवली. मुंबई ही गिरण्यांची, कारखान्यांची आणि गोदीची नगरी होती. दारूखान्यासारख्या भागात मोडीत निघालेल्या जहाजांचे लोखंड विकले जाई. कोरीव कामात शिल्पकार मूळ पदार्थातून काही वजा करत जातो. जोडकामात याच्या उलट घडते. सुटे तुकडे एकमेकांशी सांधत आकार वाढत जातो. टाकाऊ यंत्रभाग आणि पत्रे वितळजोडणीने एकत्र आणून पिलू यांनी शिल्पे घडवली. त्यांतून मानवाकृती हळूहळू मागे पडली आणि अमूर्त आकार पुढे आले. ज्या नगरीत त्या वाढल्या, तिच्या उद्योगांची खूण त्यांच्या शिल्पांत अशा रीतीने उमटली.

आपली कला दालनांच्या भिंतींआड राहू नये, असे त्यांना वाटे. मुंबईत हाजी अलीच्या चौकात त्यांचे 'स्पार्क' हे शिल्प उभारण्यात आले. रोजच्या वर्दळीतून जाणाऱ्या माणसालाही त्यामुळे आधुनिक शिल्प पाहण्याची संधी मिळाली. १९६० च्या दशकात मुंबईत भरलेल्या कला महोत्सवांच्या संयोजनातही त्यांनी पुढाकार घेतला.

त्यांचे सर्वांत चिकाटीचे कार्य मात्र याहून वेगळे होते. स्वतः पिलू पाहून पाहून शिकल्या होत्या आणि त्यासाठी त्यांना युरोपात जावे लागले होते. मुंबईत प्राचीन कलेचे मोठे वस्तुसंग्रहालय होते आणि १९५२ पासून जहांगीर कलादालनात प्रदर्शनेही भरत होती. पण प्रदर्शन संपले की कलाकृती नजरेआड होत. आधुनिक कलेचा राष्ट्रीय संग्रह १९५४ पासून दिल्लीत होता. मुंबईच्या विद्यार्थ्याला तो सहजी पाहता येत नव्हता. काळा घोडा परिसरातील सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ साली बांधले गेले होते. सभा आणि संगीताच्या मैफलींनी एके काळी गजबजलेली ही वास्तू पुढे दुर्लक्षित झाली होती. ती आधुनिक कलेचे संग्रहालय व्हावी, यासाठी पिलू यांनी कलादालनाचे संचालक केकू गांधी यांच्यासह पाठपुरावा केला. शासकीय मान्यता मिळवणे, वास्तूचा कायापालट करणे ही कामे दीर्घकाळ चालणारी होती. आपली शिल्पे घडवण्याचा वेळ त्यांनी या कामी खर्च केला.

७ जून १९८६ रोजी पिलू पोचखानवाला यांचे निधन झाले. त्या वेळी त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे मुंबईतील दालन १९९६ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्याच वास्तूत सुरू झाले. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

कलाशाळेचे शिक्षण मिळाले नाही, ही उणीव पिलू यांनी परिश्रमाने भरून काढली. परंतु आपल्याला जे कष्टाने मिळवावे लागले, ते इतरांना सुलभ व्हावे म्हणून त्या झटल्या, हे त्यांच्या जीवनाचे विशेष मोल आहे. कलाशाळेत न गेलेला एखादा तरुणही त्या दालनात जाऊन शिल्पासमोर शांतपणे उभा राहू शकतो, त्याच्या भोवती फिरून त्याचा आकार न्याहाळू शकतो. पिलू यांचे स्वतःचे शिक्षण असेच सुरू झाले होते.