बीट्रिस लिली : हशामागची लय

इंग्रजी रंगभूमीवर बीट्रिस लिली या नटीने सुमारे अर्धशतक लोकांना हसविले. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्या गायन-शिक्षकाला तिच्याविषयी कुतूहल वाटते, ते मात्र वेगळ्या कारणाने. ही बाई मुळात गंभीर गाणी गाणारी होती. आणि विनोदाकडे वळल्यावरही गाण्याची शिस्त तिने सोडली नाही.

तिचा जन्म २९ मे १८९४ रोजी कॅनडातील टोरोंटो शहरी झाला. लहानपणी आई व बहीण यांच्यासह ती गाण्याचे कार्यक्रम करी. १९१४ साली लंडनमध्ये आंद्रे शार्लो या निर्मात्याच्या रेव्ह्यूत तिला काम मिळाले. रेव्ह्यूला सलग कथानक नसते. छोटी प्रहसने, गाणी व नाच एकामागून एक येतात. नटाला काही मिनिटांतच पात्र उभे करून हशा मिळवावा लागतो. शार्लोच्या रेव्ह्यूंत तिची विनोदबुद्धी उमलली. १९२४ साली गर्ट्रूड लॉरेन्स व जॅक बुकॅनन यांच्यासह ती न्यूयॉर्कला गेली आणि तेथेही गाजली.

तिच्या एका प्रसिद्ध प्रहसनात एक गिऱ्हाईक बाई दुकानात डबल डमास्कचे डिनर नॅपकिन डझनांनी मागते. या ड-कारांच्या रांगेत तिची जीभ अडखळते, आणि दुकानदाराचीही. यात विनोद म्हणावा असे काय आहे? सारी करामत थांबण्यात आहे. गवयाने सम किंचित लांबवावी आणि श्रोत्यांनी श्वास रोखावा, तसे हे आहे. भाबडी गाणी ती अगदी सुरात, गंभीर मुद्रेने म्हणे; एखाद्याच शब्दावर नको तेवढा जोर देई आणि सभागृह कोसळे. बेसूर गाऊन हसविणे सोपे. सुरात राहून हसविण्यास तालीम लागते.

१९२० साली तिचा विवाह पील या सरदार घराण्यात झाला व पुढे ती लेडी पील झाली. पती १९३४ साली वारले. एकुलता मुलगा आरमारात होता. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोच्या बंदरात जपानी हल्ल्यात तो मारला गेला. ही बातमी तिला प्रयोगापूर्वी कळली. तिने प्रयोग रद्द केला नाही. ती उभी राहिली आणि लोकांना हसविले.

तरीही आपण विनोदी नटाला गवयाच्या खालच्या पंक्तीस बसवितो. त्या रात्री तिची लय कशाच्या बळावर टिकली असेल, याचा विचार करावा. मला वाटते, केवळ उपजत थट्टेखोरपणावर ती टिकत नाही. वर्षानुवर्षांच्या अभ्यासावर टिकते.

१९५२ साली केवळ तिच्या नावावर उभा राहिलेला प्रयोग न्यूयॉर्कला झाला व १९५३ साली तिला विशेष टोनी पारितोषिक मिळाले. १९६७ सालचा ‘थरोली मॉडर्न मिली’ हा तिचा अखेरचा चित्रपट. २० जानेवारी १९८९ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, इंग्लंडातील हेन्ली येथे ती निवर्तली.

तिच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. गाणे शिकणाऱ्यांनी त्या एकदा तरी ऐकाव्यात, आणि ऐकताना हातावर ताल धरावा.