ह्यूबर्ट सेसिल बूथ आणि धूळ ओढणारे यंत्र

चैत्र-वैशाखात दुपारचा वारा सुटला म्हणजे जुळे सोलापुरातील घरांची काय अवस्था होते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. सकाळी लख्ख पुसलेल्या फरशीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. सतरंजी अंगणात नेऊन काठीने बडवावी, तर तिच्यातील बरीचशी धूळ बडवणाराच्याच नाकातोंडात जाते व उरलेली वाऱ्याबरोबर पुन्हा घरात शिरते. सारांश, धूळ केवळ जागा बदलते. ही गोष्ट ज्यांच्या मनास खुपली व ज्यांनी तिच्यावर उपाय काढला, त्या ह्यूबर्ट सेसिल बूथ ह्या इंग्रज स्थापत्यविशारदाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

बूथ ह्यांचा जन्म 4 जुलै 1871 रोजी इंग्लंडातील ग्लॉस्टर गावी झाला. वडील लाकडाचे व्यापारी होते. गावचे शिक्षण आटोपून ते 1889 साली लंडनला गेले व तेथे त्यांनी तीन वर्षे यंत्र व स्थापत्य ह्या विषयांचा अभ्यास केला. पुढे एका नामांकित कारखान्यात नकाशे काढण्याचे काम त्यांस मिळाले. तेथे युद्धनौकांच्या एंजिनांचे आराखडे त्यांच्या हातून झाले. गड्ड्याच्या यात्रेतील उंच पाळण्यात आमचे विद्यार्थी हौसेने बसतात. तसल्याच, पण कितीतरी प्रचंड, चक्रांच्या आखणीतही बूथ ह्यांचा हात होता. व्हिएन्ना शहरी 1897 साली उभारलेले त्यांपैकी एक चक्र अद्यापि फिरत आहे.

1901 साली लंडनमध्ये एका अमेरिकन यंत्राचा प्रयोग झाला. आगगाडीचे डबे स्वच्छ करण्यासाठी ते यंत्र दाबलेल्या हवेचा जोराचा झोत सोडी. धूळ उडे, काही पेटीत पडे आणि पुष्कळशी पुन्हा बैठकांवर बसे. धूळ फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असे बूथ ह्यांनी यंत्राच्या मालकास विचारले. तसे करणे अशक्य आहे, असे सांगून ते गृहस्थ रागाने निघून गेले. बूथ मात्र विचार करीत राहिले. एका उपाहारगृहात मखमली खुर्चीच्या पाठीस तोंड लावून त्यांनी जोराने श्वास आत ओढला आणि ठसका लागून ते गुदमरले! मध्ये रुमाल धरला असता त्यावर धुळीचा काळा डाग उमटतो, हे त्यांच्या ध्यानी आले. हवा कापडातून पार होते व धूळ मागे अडकते, एवढेच ह्या शोधाचे मर्म होय. आमच्या मते पंपापेक्षाही त्या गाळणीचे महत्त्व अधिक आहे. कारण हवा ओढणारे पंप पूर्वीही होते.

30 ऑगस्ट 1901 रोजी बूथ ह्यांनी पेटंटासाठी अर्ज केला. त्यांचे पहिले यंत्र घरात मावणारे नव्हते. घोडे जोडलेल्या तांबड्या गाडीवर एंजिन व पंप बसविलेले असत. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत नेऊन नोकर गालिचे साफ करीत. त्या आवाजाने भाड्याच्या गाड्यांची घोडी बुजत व तक्रारी थेट न्यायालयापर्यंत जात. उलटपक्षी, श्रीमंत घरच्या स्त्रिया मैत्रिणींस चहास बोलावून हा तमाशा दाखवीत. 1902 साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे ह्याच यंत्राने स्वच्छ झाले. त्यानंतर राजवाड्यासाठीही यंत्रे घेण्यात आली.

परंतु खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उतरलेल्या खलाशांत तापाची साथ पसरली. तेथे बूथ ह्यांची पंधरा यंत्रे लावण्यात आली आणि त्यांनी त्या इमारतीतून सुमारे 26 टन धूळ बाहेर काढली, असे सांगतात. इतकी धूळ त्या माणसांच्या उशापायथ्याशी साठलेली होती, हे ऐकून कोणाचेही मन विषण्ण होईल.

असे असूनही घरोघरी पोहोचण्याचा मान दुसऱ्याच यंत्रास मिळाला. अमेरिकेतील कॅन्टन गावी जेम्स मरे स्पँग्लर हे वयस्क गृहस्थ एका दुकानात झाडलोट करीत. त्यांना दम्याचा विकार होता. झाडूने उडणारी धूळ त्यांच्या जिवावर बेते. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा व उशीचा अभ्रा जोडून लहानसे यंत्र केले. त्यात फिरता ब्रशही असल्याने गालिच्याच्या लवेत रुतलेली धूळ सुटून निघे. 1908 साली त्यांस पेटंट मिळाले व त्याच वर्षी चामड्याच्या वस्तूंचे कारखानदार हूव्हर ह्यांनी ते विकत घेतले. स्पँग्लर 1915 साली वारले. ज्याला धूळ प्रत्यक्ष खावी लागत होती, त्याला यंत्र लहान हवे, हे आधी कळले, ह्यात नवल ते काय?

यंत्र धूळ ओढते असे आपण म्हणतो, पण वस्तुतः आतील हवेचा दाब कमी झाल्यामुळे बाहेरची हवाच वेगाने आत घुसते व धूळ बरोबर नेते. म्हणून पिशवी भरली किंवा तिची छिद्रे बुजली की मोटर तितकीच गर्जत असूनही काम मंदावते. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे, त्या पालकांनी मोटरच्या आकड्यांपेक्षा पिशवीकडे अधिक लक्ष द्यावे. जुन्या कापडी पिशवीतून अतिसूक्ष्म धूळ निसटून पुन्हा खोलीत येई. आजच्या उत्तम गाळण्या 0.3 मायक्रॉन आकाराचे कणसुद्धा शेकडा 99.97 अडवितात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

बूथ ह्यांनी पुढे पूल बांधण्याच्या कामांतही लक्ष घातले. त्यांच्या कंपनीने कारखान्यांसाठी मोठी आणि मागाहून गॉब्लिन ह्या नावाने घरगुती यंत्रेही केली. 14 जानेवारी 1955 रोजी क्रॉयडन येथे वयाच्या 83व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत इंग्लंडातील लोक यंत्राने घर झाडण्याच्या क्रियेस बूथ ह्यांच्या नव्हे, तर हूव्हर ह्यांच्या नावाने ओळखू लागले होते.