एका वर्षाच्या अटीवर : डॉ. कमला सोहोनी

या वर्षी मराठी पानासाठी मी एका शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र निवडले आहे. मी जीवशास्त्र शिकवते. पेशीचे श्वसन आणि पेशीमरण हे धडे घेताना ‘सायटोक्रोम सी’ हे नाव दोन्हीकडे येते. या प्रथिनाच्या इतिहासात एका मराठी मुलीचे काम आहे, आणि त्या कामाची वाट आपल्या बंगळुरूतूनच गेली, हे फार थोड्या कॅडेट्सना ठाऊक असते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, दोघेही शिकलेले. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतली मोठी लेखिका झाली. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. त्या वर्षी संचालकपदावर सर सी. व्ही. रामन आले होते. नोबेल पारितोषिक मिळवलेला हा थोर शास्त्रज्ञ, पण स्त्रियांना संशोधन जमणार नाही अशी त्यांची समजूत होती. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करूनही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळुरूला आल्या आणि थेट रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. केवळ मुलगी म्हणून नकार त्यांना मान्य नव्हता. काळ गांधीजींचा होता. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले एक वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. संचालकांची खात्री पटेपर्यंत त्यांचे काम ग्राह्य धरले जाणार नव्हते. शिवाय त्यांच्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, हेही बजावले गेले.

बनशंकरीहून हिरव्या मार्गावरची मेट्रो यशवंतपूरकडे जाते. तिथून विज्ञान संस्था जवळच आहे. १९३३ मध्ये बनशंकरी शहराबाहेर होती आणि संस्थेचे आवारही आजच्याइतके गजबजलेले नव्हते. त्या आवारात एकटीने, आपले काम कधीही नाकारले जाऊ शकते हे माहीत असताना, एक बावीस वर्षांची मुलगी रोज प्रयोगशाळेत जात होती. श्रीनिवासय्या हे तिचे मार्गदर्शक होते. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली तिने दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांना तिच्या कामात खोट काढता आली नाही. तिला रीतसर प्रवेश मिळालाच, पण पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ साली तिने एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण केली.

त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. सायटोक्रोम ही प्रथिने डेव्हिड केलिन यांनी याच केंब्रिजमध्ये १९२५ साली जगापुढे आणली होती. रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे त्यांच्यातही लोह असते, म्हणून त्यांना रंग असतो, आणि वर्णपटदर्शकातून पाहिले की त्यांचे काळे पट्टे दिसतात. वनस्पतीच्या फिकट पेशीत हे शोधणे सोपे नव्हते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या श्वसनातही सायटोक्रोम सी भाग घेते, हे दाखवून दिले. बटाट्याची पेशी आणि आपली पेशी श्वासापुरत्या एकाच घराण्यातल्या आहेत, असा याचा अर्थ. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

आता या प्रथिनाविषयी थोडे. पेशीतील तंतुकणिका अन्नातून ऊर्जा तयार करतात. त्या कामात सायटोक्रोम सी एका ठिकाणचा इलेक्ट्रॉन उचलून पुढच्या ठिकाणी पोहोचवते. छोटेसे प्रथिन, पण ते थांबले तर रसद तुटते. कमलाबाईंनी अभ्यासले ते हे काम.

याच प्रथिनाचे दुसरे काम जगाला १९९६ मध्ये कळले. उष्णता, किरणोत्सर्ग, प्राणवायूची कमतरता अशा ताणाखाली पेशी आधी स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न करते. बिघडलेली प्रथिने सरळ करते, तुटलेला डी.एन.ए. सांधते. नुकसान दुरुस्तीपलीकडे गेले तर तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि सायटोक्रोम सी आपली जागा सोडून बाहेर येते. अमेरिकेत काम करणारे शास्त्रज्ञ शियाओदोंग वांग आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले, की हे बाहेर येणे हाच मरणाचा इशारा असतो. बाहेर आलेले प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाला भेटते, सात आऱ्यांचे एक चाक तयार होते, आणि प्रथिने कापणारी विकरे जागी होतात. पेशी शिस्तीत मोडली जाते. शेजारच्या पेशींना इजा होत नाही. हा इशारा बंद पडला तर बिघडलेल्या पेशी जगत राहतात आणि कर्करोगाला वाव मिळतो. म्हणून कर्करोगाच्या संशोधनात आज या इशाऱ्याला मोठे महत्त्व आहे. चौकीवरचा पहारेकरी जागेवर असेपर्यंत सर्व ठीक; तो जागा सोडून धावत आला की धोक्याची घंटा. कॅडेट्सना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परदेशात थांबण्याची संधी असूनही कमलाबाई १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या, पण ते पद त्यांना हक्कापेक्षा काही वर्षे उशिरानेच मिळाले.

इथे त्यांचे संशोधन थेट गरिबाच्या ताटाकडे वळले. बनशंकरी ही शाकंभरी, दुष्काळात भाजीपाल्याने लोकांना जगवणारी देवी, असे आपण मानतो. कमलाबाईंचे कामही त्याच वाटेवरचे. हिवाळ्यात बनशंकरीच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागतात. आपल्याकडे त्यालाच वाल म्हणतात. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. ते कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी वेगळे काढून अभ्यासले. वाल भिजवून, नीट शिजवून खाण्याच्या आपल्या आज्यांच्या सवयीमागे असे शास्त्र आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, हे त्यात दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर अन्नातील भेसळीविरुद्ध त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

रामन यांच्या विज्ञानाचा मोठेपणा कमलाबाईंनी कधी नाकारला नाही. पण आपल्याला मिळालेली वागणूक त्या विसरल्या नाहीत आणि पुढे ती उघडपणे सांगितली. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी परीक्षा दिली, उत्तम दिली, आणि तरीही ती परीक्षा अन्यायाची होती असे म्हणण्याचे धैर्य दाखवले.

सैनिकी शाळांची दारे मुलींसाठी अलीकडेच उघडली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली. कसोटी आपल्या जीवनाचा भाग आहे. धावण्याची, नेमबाजीची, अभ्यासाची. ती कडक असावी, पण सर्वांना सारखी असावी. मैदानावर किंवा प्रयोगशाळेत एखाद्या मुलीकडून इतरांपेक्षा एक पुरावा जास्त मागावासा वाटला, तर कॅडेट असो, प्रशिक्षक असो वा पालक, प्रत्येकाने थांबून स्वतःला विचारावे, की हा जास्तीचा पुरावा कशासाठी? आणि ज्या मुलीकडून तो मागितला जातो, तिने कमलाबाईंसारखे आपले काम चोख करावे, आणि जे चूक आहे त्याला चूकही म्हणावे.